बीटा-१ उपएकक, पोटॅशियम मार्गाचे

अरेखित (अनैच्छिक) स्नायूंच्या कोशिकापटलात असणाऱ्या, कॅल्शियमामुळे उघडणाऱ्या मोठ्या पोटॅशियम मार्गाशी संलग्न असलेले एक लहान प्रथिन. रक्तवाहिन्या, श्वासनाल, मूत्राशय इ. पोकळ इंद्रियांच्या भित्तींत ते विशेषेकरून आढळते. त्याच्या रेणूत १९१ ॲमिनो अम्ले असतात. रेणूची दोन्ही टोके कोशिकेच्या आत असतात. साखळी पटलातून दोनदा आरपार जाते आणि तिचा मधला मोठा भाग फासासारखा कोशिकेबाहेर राहतो. या प्रथिनाला स्वतःला आयन (विद्युत् भारित अणू) वाहून नेता येत नाहीत. पोटॅशियम आयन ज्यातून वाहतात ते छिद्र आल्फा या दुसऱ्या व बऱ्याच मोठ्या उपएककाच्या चार प्रती एकत्र येऊन बनते. मात्र ते छिद्र किती कॅल्शियम असता उघडावे हे बव्हंशी बीटा-१ उपएककाच्या सान्निध्यावर अवलंबून असते. मानवात या प्रथिनाचे जनुक पाचव्या, तर आल्फाचे दहाव्या गुणसूत्रावर आहे.

हे प्रथिन १९९४ साली ओळखले गेले. ज्या मार्गाचे ते अंग आहे त्याची विद्युतीय नोंद त्यापूर्वी तेरा वर्षे झालेली होती, त्याचे मुख्य जनुकही हाती आलेले होते; तरीही त्याच्या या सोबत्याची कोणास कल्पना नव्हती. या विलंबाचे कारण संशोधनाच्या पद्धतींत होते.

पूर्वपीठिका : स्नायूच्या आकुंचनास कॅल्शियम लागते, ही गोष्ट लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून १८८३ मध्ये दाखविली. ऊर्ध्वपातित पाण्यात बनविलेल्या लवण विद्रावात हृदय थांबे व साध्या नळाच्या पाण्यात बनविलेल्या विद्रावात ते चालत राही. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण होते. याच संस्थेतील विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये असे नोंदविले की, रोहिणीतील (शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीतील) दाब वाढविला म्हणजे तिची भित्ती मज्जातंतूंच्या साहाय्याशिवाय आपोआप आकुंचन पावते. त्याच वर्षी जर्मनीत युलिउस बेर्नश्टाइन यांनी, कोशिकापटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत् वर्चसाचा भेद पोटॅशियमाच्या पार्यतेमुळे उत्पन्न होतो, अशी उपपत्ती मांडली. या तीन गोष्टींचा परस्परसंबंध लागण्यास जवळजवळ एक शतक जावे लागले.

ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवरील प्रयोगांतून सोडियम व पोटॅशियम यांच्या प्रवाहांचे गणित १९५२ मध्ये सिद्ध केले. त्यात पोटॅशियमचा मार्ग केवळ वर्चसाच्या बदलाने उघडत होता. कॅल्शियमाचाही यात हात असू शकतो, हे प्रथम निराळ्याच ठिकाणी दिसले. हंगेरीतील द्यर्द्य गार्दोश यांना १९५८ साली मानवी तांबड्या रक्तकोशिकांत असे आढळले की, आत कॅल्शियम गेल्यास पोटॅशियम बाहेर गळू लागते. (तो मार्ग निराळ्या जातीचा होता, असे पुढे निष्पन्न झाले.) १९७० मध्ये रॉबर्ट मीच व फेलिक्स स्ट्रुमवॉसर यांनी ॲप्लिसिया या सागरी गोगलगाईच्या तंत्रिका कोशिकेत कॅल्शियम टोचले असता पटलाची पोटॅशियम संवाहकता वाढल्याचे दाखविले.

अरेखित स्नायूंवर अशा प्रकारचे काम होणे फार कठीण होते. या स्नायूंच्या कोशिका अतिशय बारीक व चिंचोळ्या असतात आणि सूक्ष्म विद्युत् अग्र आत शिरवताच त्या आकसतात. ऑक्सफर्ड येथे एडिथ ब्यूलब्रिंग व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात गिनीपिगच्या मोठ्या आतड्यावरील स्नायूच्या पट्टीवर मोठ्या चिकाटीने अशा नोंदी घेतल्या. हा विषय शरीरक्रियाविज्ञानाच्या कडेला पडून न राहता स्वतंत्र शाखा म्हणून वाढला, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या गटाला द्यावे लागेल.

मोठ्या मार्गाची नोंद : गटिंगेन येथील एर्व्हिन नेहेर व बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये ‘पॅच क्लॅम्प’ हे तंत्र प्रसिद्ध केले आणि १९८१ पर्यंत त्यात मोठी सुधारणा केली. यात काचेच्या बारीक नळीचे टोक कोशिकापटलावर टेकवून हलके शोषण करतात. पटलाचा तेवढाच तुकडा नळीच्या तोंडाशी घट्ट चिकटतो व त्यातील एकेका मार्गाच्या उघडझापीचा प्रवाह मोजता येतो. या कार्याबद्दल दोघांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सुधारित तंत्राने पहिल्याच वर्षी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. अधिवृक्क ग्रंथीच्या कोशिकांवर काम करणारे आलँ मार्ती आणि मायामी येथे उंदराच्या संवर्धित कंकाल स्नायुकोशिकांवर काम करणारे बॅरी पॅलॉटा, कार्ल मॅग्लेबी व जॉन बॅरेट यांनी १९८१ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे, कॅल्शियमाने उघडणारा व अतिशय मोठा प्रवाह वाहून नेणारा पोटॅशियम मार्ग नोंदविला. चिलीचे रामोन लातोर्रे व त्यांचे सहकारी यांनी सशाच्या कंकाल स्नायूतील असाच मार्ग कृत्रिम मेदपटलात बसवून १९८२ मध्ये त्याचा अभ्यास केला. दोन्ही बाजूंस पोटॅशियमचे प्रमाण सारखेच ठेवले असता या मार्गाची संवाहकता २०० ते ३०० पिकोसीमेन्स भरते. सामान्य पोटॅशियम मार्गांची याच्या दहाव्या हिश्श्याइतकी वा त्याहूनही कमी असते. यावरून त्यास ‘मॅक्सी-के’ किंवा ‘बीके’ (म्हणजे ‘मोठा पोटॅशियम’) मार्ग अशी नावे मिळाली. इतकी मोठी संवाहकता असूनही हा मार्ग सोडियमास जवळपास मज्जाव करतो. रुंद दरवाजातून नेमकी एकच व्यक्ती आत घ्यावी, असा हा प्रकार असल्याने जीवभौतिकीविज्ञांना त्याचे मोठे कुतूहल वाटले. १९८० नंतरच्या दशकात त्याच्यावर झालेले बरेचसे काम या कुतूहलापोटी झाले. शरीरात त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मागे राहिला.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा १९८६ मध्ये मिळाला होता. लंडन येथे ख्रिस्तोफर बेनहॅम व टॉमस बोल्टन यांनी सशाच्या आतड्याच्या व कानातील रोहिणीच्या सुट्या स्नायुकोशिकांत, कोणतेही उद्दीपन न करता, अधूनमधून उसळणारे अल्पकालीन बहिर्गामी प्रवाह पाहिले. कोशिकेतील साठ्यातून पटलालगत थोडे कॅल्शियम एकाएकी सुटत असावे व त्यामुळे पोटॅशियमचे अनेक मार्ग एकदम उघडत असावेत, असा तर्क त्यांनी केला. त्या काळी असे स्थानिक कॅल्शियम डोळ्यांनी पाहण्याची सोय नव्हती. त्यामुळे हा तर्क नऊ वर्षे तर्कच राहिला.

विंचवाचे विष : आयन मार्ग ही पटलात अत्यल्प प्रमाणात असणारी प्रथिने होत. ती वेगळी काढावयाची तर त्यांना घट्ट चिकटणारा एखादा पदार्थ हाती असावा लागतो. बीके मार्गाच्या बाबतीत असा पदार्थ विंचवाच्या विषात सापडला. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातील ख्रिस्तोफर मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेत आढळणाऱ्या एका पिवळ्या विंचवाच्या विषातून या मार्गाचे तोंड बुचासारखे बंद करणारे एक लहान प्रथिन मिळविले. ग्रीक पुराणातील जहाजे गिळणाऱ्या भोवऱ्याच्या नावावरून त्यास ‘कॅरिब्डोटॉक्सिन’ म्हणतात. ते ३७ ॲमिनो अम्लांचे आहे, असे १९८८ मध्ये ठरले.

कॅरिब्डोटॉक्सिन इतर काही पोटॅशियम मार्गांनाही अडविते. केवळ बीके मार्गालाच अडविणारे ‘आयबेरिओटॉक्सिन’ हे विष १९९० मध्ये मिळाले. त्यातही ३७ च ॲमिनो अम्ले आहेत. त्याच्या नावात आयबेरिया असले, तरी ज्या विंचवापासून ते मिळाले तो भारतीय तांबडा विंचू होय. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या माणसे दगावली ती याच विंचवाच्या दंशाने. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसीन हे औषध देण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ केली व त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच घटले. मात्र दंशाचे घातक परिणाम मुख्यतः त्याच विषातील सोडियम मार्गांवर क्रिया करणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे होतात. आयबेरिओटॉक्सिन हा विषाचा एक लहानसा अंश असून प्रयोगशाळेत त्याला जे महत्त्व आहे ते दंशात नाही.

जनुकाची वाट व प्रथिनाची वाट : १९९० च्या सुमारास या मार्गाच्या रेणूकडे जाण्याच्या दोन वाटा होत्या. पहिली फळमाशीच्या (ड्रॉसोफिलाच्या) आनुवंशिकीतून जात होती. अमेरिकेतील बॅरी गॅनेट्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये ‘स्लोपोक’ (सुस्त) या नावाचे उत्परिवर्तन असलेल्या माश्यांत कॅल्शियमजन्य पोटॅशियम प्रवाह नसतो असे दाखविले. त्यावरून १९९१ मध्ये त्या जनुकाचा व १९९३ मध्ये उंदरातील तत्सम जनुकाचा शोध लागला. ही आल्फा उपएककाची ओळख होय. या जनुकाचा संदेश बेडकाच्या अंड्यात घातला असता मोठ्या संवाहकतेचा मार्ग तयार होत असे. मार्गास आवश्यक ते सर्व या एकाच प्रथिनात आहे, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळाला. एकच विसंगती राहिली. अंड्यातील हा मार्ग उघडण्यास जितके कॅल्शियम लागे, त्याच्या कितीतरी कमी कॅल्शियमावर स्नायूतील नैसर्गिक मार्ग उघडत असे.

दुसरी वाट जुन्या धर्तीच्या जीवरसायनशास्त्राची, म्हणजे ऊतकातून प्रथिन शुद्ध करण्याची होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहवे येथे मर्क या औषधनिर्मिती संस्थेच्या प्रयोगशाळेत मारिया गार्सिया, ग्रेगरी काचोरोव्हस्की, मार्गारिता गार्सिया-काल्व्हो, हान्स-ग्यूंटर क्नाउस, ओवेन मॅकमॅनस आदींनी ती चोखाळली. गायीबैलांच्या श्वासनालाच्या अरेखित स्नायूचे पटल विरघळवून त्यांनी किरणोत्सर्गी कॅरिब्डोटॉक्सिनाच्या बंधनाच्या मागोव्याने मार्ग टप्प्याटप्प्याने शुद्ध केला. शेवटी जे उरले ते एकच प्रथिन नव्हते. दोन प्रथिने नेहमीच बरोबर येत होती. मोठे प्रथिन ‘स्लोपोक’च्या कुळातील निघाले. सु. ३१,००० रेणुभाराचे लहान प्रथिन मात्र कोणत्याच ज्ञात कुळात बसेना. त्यावरील शर्करेच्या शाखा काढल्यावर सु. २१,००० रेणुभार उरे. विशेष म्हणजे, विषाला मार्गाशी कायमचे सांधणारी रसायने वापरली असता विष सांधले जाई ते छिद्र बनविणाऱ्या मोठ्या प्रथिनाशी नव्हे, तर या लहान प्रथिनाशी. याचा अर्थ, त्याचा बाहेरचा फास छिद्राच्या तोंडाजवळच असला पाहिजे. १९९४ मध्ये हे शुद्धीकरण व या प्रथिनाचा संपूर्ण ॲमिनो अम्लक्रम प्रसिद्ध झाला आणि त्यास बीटा उपएकक म्हणू लागले. या कुळातील आणखी तीन प्रथिने काही वर्षांत मिळाल्यावर त्याचे नाव बीटा-१ झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फळमाशीत बीटा जातीची उपएककेच नाहीत. ती पृष्ठवंशी प्राण्यांत आढळतात. तेव्हा जनुकाची वाट कितीही पुढे नेली असती, तरी ती या प्रथिनापर्यंत पोहोचली नसती. विद्युतीय मापनालाही ते दिसणे शक्य नव्हते, कारण त्याचा स्वतःचा असा प्रवाह नाही. शुद्धीकरणात बरोबर येणारे लहान प्रथिन हा पुष्कळदा मळ समजून सोडून दिला जातो. राहवे येथील संशोधकांनी तो सोडला नाही, आणि त्यास कारण झाले ते विषाचे त्यास सांधले जाणे.

कार्य : १९९५ मध्ये मॅकमॅनस व इतरांनी बेडकाच्या अंड्यात आल्फा एकटे व आल्फाबरोबर बीटा अशी तुलना केली. बीटा असताना तेवढ्याच कॅल्शियमावर मार्ग कितीतरी अधिक सहज उघडू लागला. आधीची विसंगती अशा प्रकारे सुटली. याच प्रयोगांत आणखी एक बाब स्पष्ट झाली. घाना देशात दम्यावर वापरल्या जाणाऱ्या डेस्मोडियम ॲडसेंडेन्स या वनस्पतीतून या गटाने १९९३ मध्ये बीके मार्ग उघडणारे एक सॅपोनीन मिळविले होते. ते केवळ बीटा उपएकक असेल तरच परिणाम करते, असे आढळले. मात्र हे द्रव्य कोशिकेच्या आतील बाजूने दिले तरच लागू पडत असल्याने त्याचे औषध होऊ शकले नाही. पुढे १९९९ मध्ये एस्ट्राडायॉल हे स्त्री-हॉर्मोन व २००१ मध्ये कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषधही या उपएककाच्या द्वारे मार्ग उघडतात, असे दाखविण्यात आले.

याच सुमारास रक्तवाहिन्यांच्या बाजूने काम पुढे सरकले होते. अमेरिकेच्या व्हरमाँट विद्यापीठातील जोसेफ ब्रेडन व मार्क नेल्सन यांनी १९९२ मध्ये दाखविले की, दाबाखाली ठेवलेली मेंदूची रोहिणी कॅरिब्डोटॉक्सिनाने अधिक आवळली जाते. म्हणजे एरवी बीके मार्ग तिला काहीशी सैल ठेवीत असतात. पुढच्याच वर्षी हृदयस्नायूच्या कोशिकेत प्रतिदीप्त रंजकाच्या साहाय्याने एक नवीच घटना पाहण्यात आली. कोशिकेतील साठ्याच्या रायनोडीन ग्राहींमधून क्षणभर सुटणारा कॅल्शियमाचा हा अतिसूक्ष्म झोत ‘कॅल्शियम ठिणगी’ या नावाने ओळखला जातो. १९९५ मध्ये नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ठिणग्या मेंदूच्या रोहिणीच्या स्नायुकोशिकांत, पटलाच्या अगदी लगत, पाहिल्या. ठिणग्या बंद पाडल्या म्हणजे बहिर्गामी प्रवाह बंद पडत आणि रोहिणी आकुंचन पावे. बेनहॅम व बोल्टन यांचा तर्क खरा ठरला.

वरवर पाहता हा निष्कर्ष विपरीत होता. रिंगर यांच्यापासून कॅल्शियम हे आकुंचनाचे कारण मानले जाते. येथे ते शिथिलन घडवीत होते. याचा उलगडा स्थळ व प्रमाण यांच्या भेदात आहे. आकुंचन घडविणारे कॅल्शियम संपूर्ण कोशिकेत पसरलेले असते व त्याची संहती (प्रमाण) लिटरमागे मायक्रोमोलच्या अंशाइतकीच असते. ठिणगीच्या जागी, पटलालगतच्या चिंचोळ्या पट्टीत, ती काही क्षण दहा ते शंभर मायक्रोमोलपर्यंत चढते. तेथे बीके मार्ग उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते व कोशिकेचे आतील वर्चस् अधिक ऋण होते. त्यामुळे बाहेरून कॅल्शियम आत घेणारे वर्चसावर अवलंबून असलेले मार्ग मिटतात, सर्वत्र पसरलेले कॅल्शियम घटते व स्नायू सैल पडतो. दाबामुळे आवळू लागलेल्या रोहिणीला हा आतूनच बसणारा लगाम होय. शिथिल स्थितीच्या जवळच्या ऋण वर्चसावर एकट्या आल्फा उपएककाचे मार्ग ठिणगीलाही पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. बीटा-१ जोडीला असले म्हणजे देतात.

उंदरांवरील प्रयोग व वाद : उपएककाचे महत्त्व जिवंत प्राण्यात तपासण्यासाठी ते जनुकच निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले. रॉबर्ट ब्रेनर, रिचर्ड ऑल्ड्रिच, मार्क नेल्सन व इतरांचे आणि जर्मनीत बर्लिन व हँबर्ग येथील गटाचे निष्कर्ष २००० साली जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हींचा आशय एकच होता. या उंदरांत ठिणग्या पडत होत्या, पण त्यांच्यामागोमाग येणारे प्रवाह क्षीण झाले होते. रोहिण्या अधिक आवळलेल्या होत्या आणि रक्तदाब वाढलेला होता. ब्रेनर यांच्या उंदरांत हृदयाचा डावा कक्षही जाड झालेला होता.

उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही; वैद्यकात त्यास ‘प्राथमिक’ उच्च रक्तदाब म्हणून बाजूला ठेवतात. तेव्हा रोहिणीच्या भित्तीतील एक लहान प्रथिन नाहीसे झाल्याने दाब वाढतो, ही वार्ता फार मोठी होती. पुढील काही वर्षांत तिला पुष्टी मिळत गेली. २००३ मध्ये सिॲटल येथील लुइस फर्नांडो सांताना व सहकारी यांनी उच्च रक्तदाब असलेल्या प्राण्यांच्या रोहिण्यांत आल्फा कायम राहून बीटा-१ चे प्रमाण घटल्याचे दाखविले. २००४ मध्ये स्पेनमधील तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत बीटा-१ मधील ६५ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन असलेला एक प्रकार आढळला. त्यामुळे मार्ग अधिक सहज उघडतो व असा प्रकार असणाऱ्यांत तीव्र प्रसरणकालीन रक्तदाब कमी वेळा आढळतो, असा निष्कर्ष निघाला. इतर समूहांतील पाहण्यांत मात्र हे संरक्षण तितक्या निःसंदिग्धपणे दिसले नाही.

पहिला खरा आक्षेप वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) अभ्यासकांकडून आला. बीटा-१ उपएकक वृक्कनलिकेच्या एका भागातही असते व तेथे ते पोटॅशियमच्या उत्सर्जनास साहाय्य करते. अमेरिकेतील नेब्रास्का येथे रिचर्ड ग्रिम, स्टीव्हन सॅन्सम व इतरांनी २००९ मध्ये दाखविले की, जनुक निकामी केलेल्या उंदरांत पोटॅशियम नीट बाहेर टाकले जात नाही, आल्डोस्टेरोन या अधिवृक्क हॉर्मोनाचा अतिरेक होतो, शरीरात पाणी साचते आणि पोटॅशियमयुक्त आहाराने रक्तदाब आणखी चढतो. आल्डोस्टेरोनाच्या ग्राहीस अडविणारे एप्लेरेनोन हे औषध दिले असता या दाबवाढीचा ७० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा झाला. म्हणजे वाढीचा मोठा वाटा रोहिणीच्या भित्तीतून नव्हे, तर वृक्कातून येत होता. त्याआधी २००५ मध्ये आल्फा उपएककच नसलेल्या उंदरांतही आल्डोस्टेरोन वाढलेले आढळले होते. परंतु त्याकडे व्हावे तितके लक्ष गेले नव्हते.

दुसरा आक्षेप मोजणीविषयीचा होता. २०११ मध्ये मिशिगन येथील एका गटाने या उंदरांच्या शरीरात सूक्ष्म रेडिओ-प्रेषक बसविले व ते मोकळे वावरत असताना रक्तदाब सतत मोजला. बीटा-१ नसलेल्या उंदरांत त्यांना उच्च रक्तदाब आढळलाच नाही. धरून किंवा भूल देऊन मोजलेल्या दाबात धास्ती, औषधाचा परिणाम व शस्त्रक्रिया यांचा अंश मिसळतो, हे खरे. परंतु उंदरांची आनुवंशिक पार्श्वभूमी व आहार यांतही गटागटांत भेद होते. त्यामुळे कोणत्याही एका मोजणीने दुसरी खोटी ठरत नाही. अलग काढलेल्या रोहिणीचे आवळणे मात्र सर्वांना सारखेच दिसलेले आहे. तेव्हा रोहिणीच्या स्नायुतानावर बीटा-१ चे नियंत्रण आहे, हे सिद्ध मानावे. त्यातून कायमचा उच्च रक्तदाब उद्भवतो, हे तितके सिद्ध नाही. एका वाहिनीतील गुण संपूर्ण शरीराच्या माथी मारण्याची घाई २००० नंतरच्या लेखनात पुष्कळ झाली, असे म्हणावे लागते.

रक्तवाहिन्यांबाहेरचे पुरावे कमी वादग्रस्त आहेत. बीटा-१ नसलेल्या उंदरांच्या मूत्राशयाच्या स्नायूची आकुंचने अधिक जोरदार असतात (२००१) व श्वासनालाचा स्नायूही अधिक आवळतो (२००६). दमा व मूत्राशयाची अतिक्रियाशीलता या विकारांत बीके मार्ग उघडणारी औषधे उपयोगी पडावीत, या अपेक्षेचा उगम येथे आहे.

नंतरचे संशोधन : बीटा-१ हे आल्फाशी कायमचे जखडलेले असते, हा समज २०१४ मध्ये बदलला. टेनेसी राज्यातील मेंफिस येथील जोनाथन जॅगर यांच्या गटाने दाखविले की, रोहिणीच्या स्नायुकोशिकेत आल्फा उपएकके बव्हंशी पटलावरच असतात, तर बीटा-१ चा मोठा साठा कोशिकेच्या आत लहान पिशव्यांत असतो. नायट्रिक ऑक्साइडासारखा शिथिलनाचा संदेश येताच या पिशव्या पटलाकडे जातात व काही मिनिटांतच मार्गांची संवेदनक्षमता वाढते. चार बीटा-१ पर्यंत जागा असलेल्या प्रत्येक मार्गाशी प्रत्यक्षात किती उपएकके आहेत, यावर त्याची कॅल्शियमविषयक संवेदनक्षमता कमीजास्त होते. याखेरीज ल्युसीनबहुल असलेली गॅमा या दुसऱ्याच कुळातील उपएकके २०१० मध्ये सापडली. त्यांपैकी एक रोहिणीच्या स्नायूतही असल्याचे नंतर दिसले. त्यामुळे आधी एकट्या बीटा-१ च्या नावावर मांडलेला काही परिणाम या नव्या भागीदाराकडे जाण्याचा संभव आहे.

रेणूच्या रचनेचा प्रश्न शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीने सुटू लागला. न्यूयॉर्क येथील रॉडरिक मॅकिनन (रसायनशास्त्राचे २००३ चे नोबेल पारितोषिक विभागून) यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये ॲप्लिसियाच्या आल्फा उपएककांनी बनलेल्या मार्गाची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. ज्या गोगलगाईत १९७० मध्ये कॅल्शियम टोचले गेले, तीच ही. २०१९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने मानवी मार्ग व मेंदूत आढळणारे बीटा-४ यांची एकत्रित रचना दाखविली. तीत चार बीटा-४ रेणूंचे बाहेरचे फास एकमेकांस जुळून छिद्राच्या तोंडावर मुकुटासारखे बसलेले दिसतात. बीटा-४ असलेल्या मार्गावर कॅरिब्डोटॉक्सिनाचा परिणाम का होत नाही, याचे कारण या मुकुटाच्या अरुंद तोंडात आहे. बीटा-१ असलेल्या मार्गात मात्र विष छिद्रापर्यंत पोहोचते. अन्यथा गायीबैलांच्या श्वासनालातून १९९४ मध्ये ते हाती लागलेच नसते.